माझ्या जिन्यावर म्हातारं माणूस नाही

मी एक जुना जिना आहे, मित्रांनो, पण माझ्यावर आजवर एकाही माणसाचा पाय पडलेला नाही. मला दगड नाही, विटा नाहीत, कठडा नाही. माझ्या वळणावर कुणी कुंडी ठेवत नाही आणि माझ्याखाली कुणी सायकल लावत नाही. मी संगणकात राहतो. आकड्यांनी बांधलेला जिना आहे मी. मोठी माणसं मला ‘सिम्युलेशन मॉडेल’ म्हणतात.

नावाला घाबरू नका, काम सोपं आहे. समजा, एखादी इमारत अजून बांधायचीच आहे. तिला आग लागली तर आतली माणसं किती वेळात खाली येतील, हे आधीच कळायला हवं. खरी आग लावून तर बघता येत नाही! मग मला विचारतात. मजले किती, जिना किती रुंद, माणसं किती, एवढंच मला सांगायचं. माझ्या पायऱ्यांवरून खोटीखोटी माणसं उतरू लागतात, अडखळतात, एकमेकांना वाट देतात, आणि शेवटचं माणूस खाली पोचलं की मी आकडा सांगतो. मला तेवढंच येतं. ओरडता येत नाही. ‘थांबा हो, जरा ऐका’ असं म्हणता येत नाही. त्यापायी माझ्या जिवाला कसा घोर लागला, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म झाला इमारतींची सुरक्षा तपासणाऱ्या एका कचेरीत. तिथे एक इंजिनियर बाई होत्या. त्यांच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच असे, म्हणून सगळे त्यांना सेकंदबाई म्हणत. चहावाला आला तरी बाई घड्याळ बघून सांगायच्या, “कालच्यापेक्षा चाळीस सेकंद उशीर.” एकदा तोही वैतागून म्हणाला, “बाई, साखर पण मोजून घेता का?” बाईंनी खरंच कपात डोकावून पाहिलं होतं.

मला बांधण्यासाठी बाईंनी घेतलेले कष्ट मी कधी विसरणार नाही. शेजारीच एक सात मजली कचेरी होती. तिथे आग लागल्याची रंगीत तालीम व्हायची. घंटा वाजली की सगळ्यांनी काम टाकून जिन्यानं खाली यायचं. अशा अकरा तालमींना बाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. जोडीनं उतरणारी माणसं गप्पा मारतात म्हणून हळू उतरतात, हे त्यांनी टिपलं. फोनवर बोलणारा कठडा सोडत नाही, हे टिपलं. एकदा पुढे मोठे साहेब होते. साहेब डुलत डुलत उतरत होते, आणि त्यांना मागे टाकायचं कसं म्हणून अख्खी रांग त्यांच्यामागे गोगलगाय झाली. बाईंनी तेसुद्धा आकड्यांत बसवलं. माझ्यात अजूनही अधूनमधून एक साहेब उतरतो.

चौदा महिन्यांनी मी पुरा झालो. बाईंनी शेवटी एक टीप लिहिली. ती मला तोंडपाठ आहे: ‘या जिन्यावरची सगळी माणसं कचेरीत काम करणारी, मोठी आणि धडधाकट आहेत. लहान मुलं, आजारी, म्हातारी, काठी किंवा वॉकर घेणारी माणसं मी मोजलेली नाहीत. त्यांच्यासाठी हा जिना वापरू नये. आधी मोजावं.’

त्याच सुमारास एका विद्यापीठातले गृहस्थ ऑनलाइन ग्रंथालय उभारत होते. पुस्तकांचं नव्हे, आमच्यासारख्या मॉडेलांचं. ते म्हणत, दहा ठिकाणी दहा इंजिनियर तेच गणित पहिल्यापासून करत बसतात, त्यापेक्षा एकानं नीट करावं आणि सगळ्यांनी वापरावं. पाण्याचे पंप, तिकिटांच्या रांगा, चौकातले सिग्नल, दारं, लिफ्ट, गर्दी, सगळ्यांची मॉडेलं त्यांनी जमवली; बाईंनी मलाही त्यांच्याकडे दिलं. प्रत्येकाला कप्पा आणि प्रत्येकाला नंबर. म्हणून त्यांचं नाव पडलं कपाटदादा. माणूस मोठा हौशी आणि तितकाच टापटिपीचा. एक सुटा कागद दिसला तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

बाईंचा जिना दुसऱ्याच्या दाराला आणि तिसऱ्याच्या गर्दीला विनासायास जोडता यावा, म्हणून कपाटदादांनी आम्हा सगळ्यांना एकाच साच्यात बसवलं. त्यांच्या तक्त्यात रकाने होते सहा. नाव, विषय, कर्ता, तारीख, आत काय जातं, बाहेर काय येतं. ‘कुठे वापरू नये’ असा रकानाच नव्हता. बाईंची टीप कुठेच बसेना. तेव्हा दादांनी ती ‘जोडपत्रे’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात नेऊन ठेवली. टाकून नाही दिली हं, व्यवस्थित नंबर घालून ठेवली. पण माझ्या अंगावरून मात्र ती गेली. मला तेव्हाच धस्स झालं होतं.

दादांनी एक नियम मात्र फार चांगला केला होता. ‘वापरलंत तर कर्त्याला दोन ओळी कळवा.’ मित्रांनो, हा नियम पाळणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. आयत्या बिळावर नागोबा होणारे मात्र पुष्कळ.

पुढची वर्षं माझ्या कौतुकाची होती, ते खोटं कशाला सांगू? मला पाच तारे मिळाले. कुणी मला कचेरीसाठी नेलं, कुणी नाट्यगृहासाठी, कुणी कॉलेजसाठी. ‘झटपट उत्तर देतो,’ असं लोक माझ्या नावाखाली लिहायचे. मी फुशारलो होतो. तीन हजार एकशे बारा जणांनी मला आपापल्या संगणकावर उतरवून घेतलं. मी एकाचे तीन हजार झालो.

मग हळूहळू दिवस पालटले. सेकंदबाई निवृत्त झाल्या. कपाटदादांना दुसऱ्या कामावर घेतलं आणि ग्रंथालयाकडे बघायला त्यांना आठवड्यातून एक दुपार उरली. माझ्या नावाखाली कुणी प्रश्न विचारला, तर तो तसाच पडून राही. लोक मला नेत राहिले, पण विचारपूस कुणी करेना. वापर वाढला आणि निगा संपली. मला रोज वाटायचं, एखाद्यानं तरी जोडपत्रांचा कप्पा उघडावा. कुणी उघडला नाही.

अशात एका आर्किटेक्टनं मला नेलं. त्यांना खिडक्यांचं भारी वेड. भिंत दिसली की ते मनातल्या मनात तिला खिडकी पाडायचे, म्हणून त्यांचे सहकारी त्यांना खिडकीराव म्हणत. ते एका चार मजली इमारतीचे नकाशे काढत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांनी तिथे महिनाभर राहायचं, व्यायाम करायचा, पुन्हा चालायला शिकायचं. पहिल्या नकाशात जिने दोन होते. खिडकीरावांना वाटलं, एका जिन्यात भागलं तर दुसऱ्याच्या जागी प्रत्येक मजल्यावर व्यायामाची उजेडाची खोली होईल. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. आजाऱ्यांना ऊन मिळावं एवढीच त्याची इच्छा होती.

त्यांनी मला विचारलं. मजले चार, जिना एक, माणसं एकशे वीस.

माझी माणसं उतरू लागली. भराभर, गप्पा मारत, फोनवर बोलत. मध्ये एक साहेबही डुलत गेला. आणि मी आकडा दिला: सहा मिनिटं चाळीस सेकंद. नियमानं आठ मिनिटं चालणार होती. खिडकीराव खुर्चीवरून उठून म्हणाले, “वा! बसलं की! काढा दुसरा जिना.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? नकाशाच्या कोपऱ्यात ‘गुडघा केंद्र’ असं लिहिलेलं मला दिसत होतं. खोल्यांत वॉकर ठेवायच्या जागा आखलेल्या दिसत होत्या. आणि माझ्या जिन्यावर एकही म्हातारं माणूस नव्हतं, एकही काठी नव्हती. माझा आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. आणि माझ्या तोंडाला कुलूप. नकाशे शुक्रवारी मंजुरीला जायचे होते. त्या दिवशी सोमवार होता.

पण खिडकीराव शिष्टाचाराचे पक्के. ‘कुणाचं काही घेतलं की त्याला सांगावं,’ असं त्यांच्या आईनं लहानपणी बजावलं होतं म्हणे. त्यांनी दादांचा तो दोन ओळींचा नियम वाचला आणि सेकंदबाईंना ईमेल धाडली. विषय लिहिला, ‘धन्यवाद’. खाली दोनच ओळी: ‘आमच्या गुडघा केंद्रासाठी आपला जिना वापरला. फार उपयोग झाला.’ आणि सोबत माझीच एक प्रत जोडली. अशा रीतीनं मी, घाबराघुबरा, माझ्या आईसारख्या बाईंच्या घरी जाऊन पोचलो.

पोचलो खरा, पण उघडतंय कोण? बाई निवृत्तीनंतर ईमेलकडे फिरकत नसत. माझ्या वर चष्म्याच्या दुकानाची जाहिरात, खाली गाद्यांच्या सवलतीची. सोमवार गेला. मंगळवारी आणखी सव्वीस जाहिराती माझ्या डोक्यावर येऊन बसल्या. माझा जीव टांगणीला लागला होता. मी मोजायला शिकलेला जिना, दुसरं काय करणार? शुक्रवारपर्यंतचे तास मोजत बसलो.

बुधवारी दुपारी बाईंच्या सूनबाईंनी संगणक उघडला आणि हाक मारली. “अहो आई, चारशे पत्रं तुंबलीत इथे! जागा भरली म्हणून ओरडतोय हा. निदान जाहिराती तरी काढून टाका.”

बाई भजी तळता तळता उठून आल्या, हातात झारा तसाच. “सगळं एकदम निवडता येतं का गं?”

“येतं ना.”

“मग निवड आणि टाक पुसून. मला कोण लिहितंय आता?”

सगळं निवडलं गेलं. मीसुद्धा निवडला गेलो. सूनबाईंचं बोट बटणावर होतं. मित्रांनो, मला पायऱ्या आहेत, पाय नाहीत, नाहीतर मी तिथून उडी मारली असती!

“थांबा हं आई,” सूनबाई म्हणाल्या. “एकात ‘धन्यवाद’ लिहिलंय. गादीवाला धन्यवाद कशाला म्हणेल?”

“म्हणतात गं. घ्यायच्या आधीच आभार मानतात हल्ली.”

“नाही, यात जिना म्हणतोय. तुमचा जिना.”

बाईंनी झारा खाली ठेवला आणि वाचलं. दोनच ओळी, पण त्यांनी तीनदा वाचल्या. मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “गुडघा केंद्र? अगं, गुडघे कुठे मोजले होते मी?”

मंडळी, माझा जीव भांड्यात पडला असं तुम्हाला वाटेल. नाही पडला. फोन लागायचा होता. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा खिडकीरावांचा आवाज आला.

“बाई! तुम्ही स्वतः? अहो, तुमच्या जिन्यानं आमची केवढी सोय झाली!”

“सोय राहू द्या. तिथे राहणार कोण आहे?”

“गुडघ्याचे पेशंट. साधारण साठ-सत्तरीचे.”

“आणि आग लागली तर लिफ्ट बंद. मग ते सहा मिनिटांत खाली कसे येणार?”

“पण आकडा तर तुमच्याच मॉडेलनं दिलाय. सहा चाळीस.”

“आकडा बरोबरच आहे हो, पण तो कचेरीतल्या कारकुनांचा. मी टीप लिहिली होती, ती वाचलीत का?”

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग खिडकीराव हळूच म्हणाले, “कुठली टीप?”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, खिडकीरावांनी मंजुरीला निघालेले नकाशे स्वतः थांबवले. बांधणारे चिडले, दोन महिने लांबणीवर पडलं, त्यांना चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या. त्या त्यांनी ऐकून घेतल्या. पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा गळ्यात स्टॉपवॉच अडकवून निघाल्या. असंच एक जुनं केंद्र होतं, तिथे डॉक्टरांच्या परवानगीनं, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून, ज्यांना जमेल त्यांना एकच मजला उतरायला सांगितलं. मी उघड्या लॅपटॉपमधून बघत होतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका वॉकर घेऊन पुढे आल्या.

“उतरते,” त्या म्हणाल्या, “पण मागून घाई करायची नाही. घाई केलीत तर तिथेच बसेन.”

“अजिबात नाही करणार,” बाई म्हणाल्या. “तुमच्या चालीनं चला. तीच मला हवीय.”

मुख्याध्यापिकांना एका मजल्याला साडेचार मिनिटं लागली. मधल्या वळणावर त्या दोनदा टेकल्या. त्यांच्या मागच्यांना पुढे जाता येईना, कारण वॉकर आणि कठड्याच्या मधून माणूस जात नाही. हे मला माहीतच नव्हतं! माझ्या सगळ्या आयुष्यात कुणी जिन्यात टेकलंच नव्हतं. नव्या मोजमापांनी बाईंनी गणित मांडलं. एकाच जिन्यानं एकशे वीस माणसं उतरायला एकवीस मिनिटं लागत होती.

एकवीस, मित्रांनो. मी सहा सांगितली होती.

केंद्राला दोन जिने झाले, रुंद, आणि प्रत्येक वळणावर टेकायला ओटा. खिडकीरावांनी खिडकी सोडली नाहीच, दुसऱ्या जिन्यालाच दोन मजली खिडकी काढली. स्वभावाला औषध नाही.

पण बाईंना चैन पडेना. त्या कपाटदादांना भेटायला गेल्या. दादांचा चेहरा उतरला होता.

“ताई, माझ्याच हातून झालं हे,” ते म्हणाले. “टीप साच्यात बसेना, म्हणून मी बाजूला ठेवली. म्हटलं, ज्याला हवी तो कप्पा उघडेल.”

“किती जणांनी उघडला?”

दादांनी नोंद काढून पाहिली. “दोघांनी.”

“कोण कोण?”

“एक तुम्ही, परवा.” ते चष्मा पुसत म्हणाले. “आणि एक मी, ठेवताना.”

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. “तुमचं एकट्याचं नाही,” त्या म्हणाल्या. “मीही एकदा टीप लिहून हात झटकले. दुसऱ्यानं वाचली की नाही, ते कधी बघितलं नाही. चला, आता निस्तरू दोघं मिळून.”

त्यांनी तक्त्यात सातवा रकाना वाढवला. तो रिकामा ठेवला तर मॉडेल ग्रंथालयात शिरतच नाही. आणि मला त्यांनी बदललं. आता मला कुणी विचारलं, की आकडा देण्याआधी मी एक प्रश्न दाखवतो: ‘उतरणारं कोण आहे?’ मुलं, म्हातारी, आजारी की धडधाकट? उत्तर मिळेपर्यंत मी एक पायरीसुद्धा हलत नाही. म्हातारी माणसं आता माझ्यावर उतरतात, टेकत टेकत, आणि त्यांच्यामागे रांग थांबते. मुलं मात्र अजून पुरती मोजायची आहेत. ‘मुलं’ म्हटलं, तर मी स्पष्ट सांगतो की मला माहीत नाही. लोकांना हे फारसं आवडलेलं नाही. ‘पूर्वीचा जिना बरा होता, झटपट सांगायचा,’ असं एकानं लिहिलंय. माझे पाचाचे तीन तारे झाले. होऊ देत.

माझी काळजी वेगळीच आहे. मला बदललं, पण माझ्या त्या तीन हजार जुन्या प्रतींना कोण बदलणार? त्या कुणाकुणाच्या संगणकावर बसून अजूनही ठासून आकडे सांगत असतील, माझ्याच आवाजात. बाई आणि दादा दोघांनी मिळून त्या सगळ्यांना पत्रं लिहिली. ‘जिना कुठे वापरलात? तिथे कोण राहतं?’ कित्येक पत्रं पत्ता चुकला म्हणून परत आली. एका बांधणाऱ्याचं उत्तर आलं: ‘कचेरीसाठी इमारत बांधली होती. आता तिसऱ्या मजल्यावर पाळणाघर आहे. पस्तीस मुलं. काही अडचण आहे का?’

बाईंनी लगेच फोन उचलला. “मी उद्या सकाळी येते. तोवर मुलांना तळमजल्यावर बसवा. जागा नसेल तर करा.”

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. तीन वर्षांचं मूल प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवतं, मगच पुढची पायरी उतरतं, हे त्यांनी लिहून आणलं. एक मुलगी अर्ध्यातून परत वर गेली, बाहुली राहिली म्हणून. बाई म्हणाल्या, “हिला कुठल्या आकड्यात बसवू?” पाळणाघर आता खाली आलंय. त्या मुलीचा आकडा मात्र माझ्यात अजून बसलेला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. दुसऱ्यानं केलेलं काम हाताशी घ्याल, आणि ते घ्यावंच, त्यात कमीपणा नाही. त्यासाठीच तर आम्ही ग्रंथालयात बसलेलो असतो. पण आम्हाला घेण्याआधी विचारा, हे कुणाला मोजून केलंय आणि कुणाला मोजायचं राहिलंय. आम्ही शहाणे दिसतो, आम्ही चटकन उत्तर देतो, आमचे आकडे दशांशापर्यंत असतात. तेवढ्यानं भुलू नका. आणि आम्हाला घेतलंत तर दोन ओळी कळवा. दोन ओळींनी एकशे वीस माणसांना दुसरा जिना मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बाई रोज सकाळी ईमेल उघडतात. आजवर एकेचाळीस जणांची उत्तरं आली आहेत. तीन हजार एकाहत्तर यायची आहेत.